कोबाल्टाचा भासरा

सौंदड,
जुलै २०१५

प्रिय अल्कामावशी,

रचनाचा जय भीम. मावसाजींनाही सांग. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. शिलाई मशीनला मोटर बसवल्यावर गुडघा थांबला आणि पाठ सुरू झाली, असं आई सांगते. ते खरं असेल तर दुखणं गेलेलं नाही, फक्त सरकलं आहे. तेव्हा मोटरीला दोष देऊ नकोस, स्टुलाची उंची बघ. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे आणि या वेळी ते खरंही आहे. बाबा रुसलेले आहेत, पण ते तब्येतीत मोडत नाही.

खरं तर फोन केला असता. पण आपल्या घरात रेंज येते ती फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी, आणि तिथे आई असते. (मजकूर वाईट नाही. पण ज्या माणसाबद्दल बोलायचं तेच शेजारी तांदूळ निवडत बसलं असलं की माझी वाक्यं आखूड होतात. ती एरवीही आखूडच असतात, असं तू म्हणशील.)

तर सेंदाईचं तुला माहीत आहे. जपानातल्या त्या प्रयोगशाळेने मला दोन वर्षांसाठी बोलावलं आहे आणि मला तिथे जायचं आहे. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर मला मुद्दे मांडता आले असते. मी ते तयार ठेवले होते. तिने आधी विचारलं, तिथं धान होते का. होतो, म्हटलं. रोवणा कोण करते? लावणीचं यंत्र असतं, म्हटलं. "मंग तिथल्या बाया करतात का?" काय करतात, तर त्यातल्या काही माझ्याच प्रयोगशाळेत काम करतात, असं मी सांगितलं. त्यावर तिने निवडलेल्या तांदळातून हात फिरवला आणि म्हणाली, "जाजो. मी कायले अडवू? पन तू करतेस का, थे मले समजल तवा जाजो. बाया विचारतात, रचना का करते, तं मी म्हनते लोहचुंबक. त्या म्हनतात, थे तं गोवर्धनच्या पोराजवळबी आहे, फुटक्या भोंग्यातलं."

मावशी, माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली तेव्हा समोर तीन प्राध्यापक होते आणि मला घाम आला नव्हता. या वाक्याने आला.

आता मी काय करते ते तुला एकदा नीट लिहिते. हा परिच्छेद दोनदा वाच. का ते विचारू नकोस. प्लॅटिनमचा एक पातळ थर असतो. त्याच्यावर कोबाल्टचा थर, मोजक्या अणूंच्या जाडीचा. या कोबाल्टचं चुंबकत्व एक तर वर तोंड करून उभं राहतं, नाही तर खाली. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. संगणकाची सगळी आठवण या दोन गोष्टींत मावते, आणि वीज गेली तरी ती जशीच्या तशी राहते. ("लाईन गेली तरी?" हे आईने दोनदा विचारून घेतलं. सगळ्या विषयात तिला पहिल्याच दिवशी पटलेली ही एकच गोष्ट.) आता वरचं खाली करायचं तर चुंबक जवळ न्यायचा, हा जुना उपाय. पण वस्तू फार लहान आणि दाटीवाटीने असल्या की एकीसाठी आणलेला चुंबक शेजारणीलाही उलटवून जातो. म्हणून आम्ही चुंबक न वापरता खालच्या प्लॅटिनममधून करंट सोडतो. त्याने वरच्या कोबाल्टचं चुंबकत्व आडवं पडतं. करंट थांबला की ते पुन्हा उठतं. अडचण इथे येते. उठताना वर जावं की खाली, हे त्याला ठरवता येत नाही. बाजूने कोणीतरी हलकासा इशारा द्यावा लागतो, आणि तो द्यायला पुन्हा एक चुंबक ठेवावाच लागतो. म्हणजे ज्याला दारातून घालवला तो खिडकीतून आत. मी थर एका बाजूला किंचित जाड केला. त्यामुळे इशारा थराच्या आतच आला आणि बाहेरचा चुंबक पूर्ण सुटला. (असं करणारी मी पहिली नाही. आईला मात्र कोणीतरी पहिलीच सांगितलं आहे. मला वाटतं, बाबांनी.) सेंदाईला हेच याहून कितीतरी लहान आकारात करून पाहायचं आहे. तेवढ्या लहान थरात तो इशारा पुरतो की नाही, मला अजून माहीत नाही. कोणालाच नीट माहीत नाही. जायचं आहे ते त्यासाठी.

हे सगळं मी आईला जवळपास असंच सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आता मराठीत सांग."

बाबांना वाटलं, हे आपलं काम आहे. आयुष्यभर स्टेशनात सांधेवाला म्हणून काढलेल्या माणसाला दिशा बदलण्याविषयी बोलायचा हक्क आहे, हे मलाही मान्य होतं. ते म्हणाले, हा तं आपला सांधाच झाला, पहिले दांडा ओढत होतो, आता मोटर लागली, बटन दाबलं का गाडी त्या रुळावर. उदाहरण वाईट नव्हतं. मी तसं म्हणणार तोच आई म्हणाली, "तुमच्या सांध्यात लोखंड हालते. हिच्यात काहीच हालत नाही म्हनते थे. मंग बदलते का?" दिशा, मी म्हटलं. कोनाची? चुंबकत्वाची. दिसते का? नाही. "मंग तुले कोन सांगते, बदलली म्हनून?" मी सांगितलं की थराच्या दोन कडांमधला विजेचा दाब मोजते, तो बदलला की समजतं. "म्हंजे नाडी पाहून," ती म्हणाली आणि तेवढं मान्य केलं. सांधा मात्र मान्य झाला नाही. बाबांनी चष्मा पुसला आणि बाहेर जाऊन बसले. (हा पहिला रुसवा. मोठा पुढे आहे.)

मग मी तांदळाच्या पिठाचा गोळा घेऊन त्यात काडेपेटीच्या काड्या ओळीने रोवल्या. गूल वर म्हणजे एक, गूल खाली म्हणजे शून्य. आईने पाहिलं आणि विचारलं, गोळ्याचं पुढे काय करणार. मी म्हटलं, गोळा महत्त्वाचा नाही, काड्या बघ. ती म्हणाली, गोळाच महत्त्वाचा आहे, रात्रीचा सयपाक त्याचाच आहे. त्या रात्री बाबांच्या पानातल्या भाकरीत एक गूल निघालं. त्यांनी ते गूल ताटाच्या कडेला, मला दिसेल असं ठेवलं.

यानंतर रोवणा लागला आणि माझी शिकवणी बंद पडली, कारण विद्यार्थिनी सकाळपासून धानाच्या बांधीत. आपली तलावाजवळची बांधी तुला आठवतच असेल: एक टोक तलावाकडे, एक गावाकडे, आणि लांबीला समांतर जाणारा रस्ता, त्याच्या कडेला मोहाचं झाड. सुशीलाबाईंच्या हाताखाली आठ जणींची रांग, त्या स्वतः आणि आई धरून. मी कडेच्या धुऱ्यावर बसून बघत होते. वाकलेली रांग तलावाच्या टोकापासून मागे मागे सरकत होती, हातातला पऱ्हा रोपारोपाने चिखलात जात होता, आणि काही वेळाने सगळ्या एकदम उठून कंबर सरळ करत होत्या. मी ते बराच वेळ पाहिलं. आडवं पडणं, उठणं. आडवं पडणं, उठणं. मला कल्पना सुचली, असं मी म्हणणार नाही. कल्पना समोर वाकून उभी होती.

दुपारचा डबा सुटायच्या आधी मी सगळ्यांना विनंती केली. मी "सुरू" म्हटलं की वाकायचं, म्हणजे करंट चालू. "बंद" म्हटलं की उठायचं आणि कुठल्यातरी एका बाजूला वळायचं. डाव्या हाताला वळलात तर एक, उजव्या हाताला तर शून्य. सुशीलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "का वो पोरी, इतली शिकली अन् आमालेच वाकवून राहिली का? आमी तं बिना करंटच्याच वाकतो." बाकीच्या हसल्या. पण वाकल्या. मी "बंद" म्हटलं. उठल्या. तिघी डावीकडे वळल्या, कारण तिकडे डबे होते. चौघी उजवीकडे, कारण तिकडे त्या तिघी नव्हत्या. सुशीलाबाई उठल्याच नाहीत, त्यांना चिखलात आपलं जोडवं सापडलं होतं. मला फार आनंद झाला. इशारा नसेल तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मी पुस्तकातही पाहिलेलं नव्हतं.

आता बाहेरचा इशारा. त्यासाठी मी बाबांना आधीच तयार ठेवलं होतं. ते आपली जुनी हिरवी झेंडी घेऊन धुऱ्यावर उभे राहिले, नोकरीत उभे राहत तसेच, छाती काढून. "सुरू", "बंद", झेंडी हलली, आणि सगळ्या जणी त्यांच्या बाजूला वळल्या. एकमताने. (हसतही होत्या, पण हसणं आम्ही मोजत नाही.) बाबांचा चेहरा, मावशी, तू बघायला हवा होतास. आणि इथे माझ्याकडून घाई झाली. मी आईला ओरडून सांगितलं, की पाहिलंस, हे असं होतं, आणि माझं सगळं संशोधन म्हणजे या माणसाला इथून काढून टाकणं.

शास्त्रीयदृष्ट्या वाक्य अचूक होतं. बाबांनी झेंडी गुंडाळली, काखेत घातली आणि बांधीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. (हा तो मोठा रुसवा.) सुशीलाबाई म्हणाल्या, "बापाले काढून टाकाले जपानले जाते का वो हे?"

मी सगळ्यांना म्हटलं, एकदा शेवटचं, आणि मग डबा. झेंडी नाही, कोणी नाही. माझा हेतू फक्त पुन्हा गोंधळ दाखवून संपवायचा होता. "सुरू." "बंद." आठही जणी उठल्या आणि आठही जणी एकदम डावीकडे वळल्या. सुशीलाबाईसुद्धा. मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा डावीकडे. एकही चूक नाही. डबे तर उजव्या बाजूला हलवलेले होते. बाहेर चुंबक नाही, झेंडी नाही, आणि थर आपला आपण एका दिशेला उठतो आहे. मला हे मुंबईच्या प्रयोगशाळेत साधायला दीड वर्ष लागलं होतं.

मग मी त्यांच्या उजव्या हाताला पाहिलं. रस्त्याच्या कडेला, मोहाच्या झाडाखाली, बिसरामकाका येऊन बसले होते आणि तळहातावर तंबाखू मळत होते. त्यांना प्रयोगाचा पत्ताही नव्हता. आता तू हे जाणतेसच: काका सुशीलाबाईंच्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे भासरा, आणि मोहल्ल्यातले सगळे नवरे त्यांना दादा म्हणतात, म्हणून गावनात्याने सगळ्याच बायांचे भासरे, आईचेसुद्धा. भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही. कोणी सांगावं लागत नाही, विचार करावा लागत नाही, पाठ आपोआप तिकडे होते.

आई चिखलात उभी होती, डोक्यावर पदर ओढलेला, आणि तिच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी आत्तापर्यंत फक्त स्वतःच्या चेहऱ्यावर (प्रयोगशाळेच्या खिडकीच्या काचेत) पाहिलेलं आहे. ती म्हणाली, "म्हंजे तुह्या कोबाल्टाले भासरा पायजे, असं म्हन ना! इतले दिवस कायले चुंबक चुंबक करून राहिली?"

बाबा दुसऱ्या टोकाहून ओरडले, की बिसरामदादा बाहेरचाच झाला ना, मंग मलेच काऊन काढलं? आक्षेप रास्त होता. मी त्याची नोंद घेतली. उत्तर मला द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात काका तंबाखू दाढेत धरून उठले आणि निघून गेले. आईनेच हुकूम सोडला, "चला वो, अजून एक डाव." आठही जणी वाकल्या, उठल्या, आणि झाडाखाली कोणी नसताना पुन्हा डावीकडे वळल्या. काका रोज डब्याच्या वेळेला तिथे बसतात, आणि ती वेळ आता झाली होती. ते असले काय आणि नसले काय, भासरा झाडाखाली नव्हताच. तो बायांच्या आत होता. आई बाबांना म्हणाली, "पाहा. तुमाले झेंडी हालवा लागते. त्याले याबी लागत नाही." बाबा यावर काही म्हणाले, पण वारा उलटा होता.

मला इथेच थांबता आलं असतं. पण मी म्हटलं (म्हणायला नको होतं), की आई, हे अर्धंच झालं. भासरा एका जागी आणि थर नेहमी डावीकडे, तर नेहमी एकच लिहिलं जाणार. शून्य कसं लिहायचं? याला आठवण म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. सुशीलाबाई म्हणाल्या, भासऱ्याले तिकडच्या धुऱ्यावर नेऊन बसवू. मी म्हटलं, दर वेळी भासरा उचलून हलवायचा असेल तर तो जुनाच उपाय झाला. मग डबे उघडले आणि विषय संपला. आईने मात्र जेवताना लोणचंही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रोवणा गावाकडच्या टोकाने सुरू झाला. मी घरी होते. आई वेळेआधी परत आली, पाय न धुता अंगणात उभी राहिली आणि तिथूनच हाक मारली. "काल तलावाकडून शिरलो, तं डाव्या हाताले वळलो. आज गावाकडून शिरलो, तं उजव्या हाताले वळलो. भासरा तं तिथंच होता! तुहा करंट उलटा सोड, अन् भासऱ्याले बसू दे."

मावशी, उत्तर हेच आहे. करंट उलटा सोडायचा. इशारा तोच, निकाल उलटा. मी अंगणात चिखलासकट तिला मिठी मारली, असं बाबा सगळ्यांना सांगत आहेत. मी तिचा हात धरला होता. तेवढंच.

(फक्त तुला म्हणून: तिच्या उदाहरणात एक चूक आहे. वळण बदललं तरी दोन्ही वेळा बायांचं तोंड शेवटी एकाच बाजूला, रस्त्याला पाठ करूनच होतं. कोबाल्टचं तसं होत नाही, त्याचं तोंडच उलटतं. ती वळण मोजते आहे, तोंड नाही. ही चूक मला त्याच क्षणी दिसली आणि मी ती सांगितली नाही. असं मी यापूर्वी कधी केलेलं नाही.)

आता आपल्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे की सुमनबाईची मुलगी भासरा बसवायचं काम करते आणि जपानातसुद्धा त्याची कमतरता आहे. बिसरामकाकांनाही कोणीतरी सांगितलं. त्यांनी समजून घेतलं, की आपलं नाव परदेशी जाणार आहे, आणि ते आता बंडी घालून झाडाखाली बसतात.

बाकी विशेष काही नाही. रोवणा आटोपत आला आहे. मावसाजींना पुन्हा जय भीम, आणि स्टुलाची उंची खरंच बघ.

तुझी,
रचना

ता. क. विशेष आहे. रोवणा संपला की आई पॅसेंजरने ब्रह्मपुरीला येईल. तुझा गुडघा बघायला आले, असं सांगेल. तसं नाही. ती म्हणते, "मले समजलं का नाही, थे मीच कसं सांगू? अल्काले समजावून पायते. तिले समजलं तं मले समजलं. मंग तू जाजो." म्हणजे माझं जाणं आता तुझ्यावर आहे. तर कृपा करून समजून घे. लगेच मान हलवू नकोस, तिला शंका येईल. मधे एक प्रश्न विचार: भासरा एकाच जागी, तर एक आणि शून्य दोन्ही कसे? उत्तर तिच्याकडे आहे आणि ते ती फार छान देते. मग थोडी थांब, मशीनचं चाक वगैरे फिरव, आणि म्हण की आता ध्यानात आलं. तोंड शेवटी कोणत्या बाजूला होतं, एवढं मात्र विचारू नकोस.

आणखी एक. खरंच नाही समजलं, तर खोटं हो म्हणू नकोस. तसं सांग. मला तशी घाई नाही. इथे खिडकीशी बसायला मलाही हल्ली बरं वाटतं. (हे वाक्य खोडणार होते. शाई चांगली आहे, खोडलेलंही वाचता आलं असतं, म्हणून ठेवलं.)

शेवटचं. पाकीट चिकटवत होते तर आईने विचारलं, अल्काले का लिहिलं. तब्येतीची चौकशी, म्हटलं. तिने कागदांची जाडी बोटांनी पाहिली आणि म्हणाली, "इतली मोठी तब्येत कोनाची असते वो?" मग चुलीकडे वळून, माझ्याकडे न बघता: "तिले लिव, सोपी शंका विचारू नोको म्हना. दोन्ही डावाले तोंड एकाच बाजूले काऊन होतं, थे विचार म्हना. मी कालपासून त्याचाच जवाब जुळवून राहिली."